ठशावरचा ठसा

सोलापूरच्या मुलांना चादर म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु चादरीतील दोष जाणता विणकर कसा ओळखतो, हे तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. चादरीवरील मोराच्या तुऱ्यात एखादी रेघ तुटलेली दिसली, की तो प्रथम त्याच नक्षीची दुसरी चादर उलगडतो. तीतही तीच रेघ त्याच जागी तुटलेली असेल, तर दोष मागावर चढविलेल्या नक्षीच्या पुठ्ठ्यात आहे. पुठ्ठ्यास एक भोक पाडावयाचे राहून गेले असले पाहिजे. दुसऱ्या चादरीत रेघ शाबूत असेल, तर दोष त्या एका वेळी तुटलेल्या धाग्याचा. पहिला दोष शेकडो चादरींवर उमटतो, दुसरा एकीवरच राहतो.

जुनी नाणी पाहणाऱ्यालाही हेच करावे लागते. नाण्यावर काही विपरीत दिसले, अक्षर उलटे, रेघ दुहेरी, चित्र अर्धे किंवा एका चित्रातून दुसरे डोकावणारे, तर ते कशामुळे झाले हे तो विचारतो. नाणे घडविण्याची रीत ठाऊक असेल तरच या प्रश्नाचे उत्तर मिळते, म्हणून आधी त्या रीतीकडे वळू.

यंत्रे येण्यापूर्वी आपल्याकडील टांकसाळीत दोन ठसे असत. एक ऐरणीत घट्ट बसविलेला, दुसरा कारागिराच्या हातात. ठशांवर अक्षरे व चित्रे उलटी आणि खोल कोरलेली असत, म्हणजे नाण्यावर ती सुलट आणि उठावदार उमटत. ठराविक वजनाची धातूची चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि घण घालावयाचा, की नाणे तयार. हे काम दिवसभर चाले. माणसाचा हात थके, चकती जराशी सरके, ठसा झिजे, कधी त्यास तडा जाई.

आता दोष कोठे कोठे शिरतील याचा अंदाज तुम्हांलाच बांधता येईल. ठसा कोरणारा अक्षर चुकला, तर त्या ठशाखालून निघालेले प्रत्येक नाणे तीच चूक घेऊन बाहेर पडेल. ही पुठ्ठ्याची चूक झाली. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर एक बारीक उठावदार रेघ येईल आणि तडा वाढत जाईल तशी नंतरच्या नाण्यांवर ती लांबत जाईल. अशी पाच-सात नाणी मिळाली, तर त्यांतील आधीचे कोणते व नंतरचे कोणते, हे त्या रेघेवरून लावता येते. चकती सरकली, तर चित्राचा एक भाग नाण्याबाहेर पडेल आणि दुसऱ्या बाजूस कोरा धातू राहील. पहिल्या घावानंतर नाणे किंचित फिरून दुसरा घाव बसला, तर तेच अक्षर दोनदा, एकमेकाच्या सावलीसारखे दिसेल. घडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि कारागिराच्या ते ध्यानात आले नाही, तर मोठी गंमत होते. पुढच्या चकतीवर ठशाऐवजी ते चिकटलेले नाणेच दाबले जाते, आणि तिच्या एका अंगावर चित्र सुलट व उठावदार, तर दुसऱ्या अंगावर तेच चित्र उलटे व खोलगट येते. असे नाणे प्रथम पाहणारास ते कोणी मुद्दाम केले असावे असा भास होतो. मुळात ती घाईगर्दीची खूण असते.

या सर्व चुका पाहण्यास आपल्याकडे शिवराईसारखे दुसरे नाणे नाही. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या राज्याचे हे तांब्याचे नाणे. त्याच्या एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात, कडेने ठिपक्यांचे वलय असते. महाराजांच्या नंतरही, पेशवाईच्या अखेरपर्यंत, निरनिराळ्या ठिकाणी त्याच नावाने शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी अमलातही त्या बाजारात चालत होत्या. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे संपूर्ण वलय असलेली शिवराई विरळाच. कोणाचा ‘श्री’ कापलेला, कोणाचा ‘ति’ नाहीसा झालेला. काही ठशांवर ‘शिव’ ऐवजी ‘सिव’ आहे, काहींवर ‘पति’ चा ‘पती’ झाला आहे. शुद्धलेखनाचे गुण कापण्यात माझी उमर गेली; परंतु या चुकांचे मात्र मी मनापासून स्वागत करतो, कारण ठसे पुष्कळ होते, कोरणारे अनेक होते आणि सगळ्यांचे अक्षर एकाच शाळेत घटविलेले नव्हते, हे त्या सांगतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने आजीच्या देव्हाऱ्यातील शिवराई मला आणून दाखविली. तिच्यावर ‘छत्र’ मधील ‘छ’ दोन होते, एकाच्या खांद्यावर दुसरा. कोणीतरी त्यास ते नाणे खोटे असल्याचे सांगितले होते आणि पोर हिरमुसले होते. आम्ही ते खिडकीपाशी नेले, तिरप्या उन्हात धरले आणि पाहिले. दुसरे अक्षर ‘त्र’ हेही तेवढेच आणि त्याच दिशेने सरकलेले होते, वरच्या ठिपक्यांचीही दुहेरी रांग होती. सगळे एकाच बाजूस सारखेच सरकले होते, म्हणजे घाव दोनदा बसला होता. नाणे खरे होते आणि घण घालणाऱ्याचा हात त्यात दिसत होता. मुलाला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी घरातील उरलेल्या साऱ्या शिवराया त्याने चिंच आणि राख लावून लखलखीत घासल्या आणि रुमालात बांधून आणल्या. मी त्यास रागावलो नाही. आधी बजावून ठेवण्याचे काम माझे होते, ते मीच विसरलो होतो. त्या नाण्यांवरील बारीक रेघा घासल्यामुळे कायमच्या गेल्या. जुन्या नाण्यास चिंच, लिंबू, राख अथवा वाळू लावू नये. त्यावर चढलेला काळा-हिरवा थरही त्याच्या वयाची साक्ष असतो. माती असेल तर ती साध्या पाण्याने जाईल तेवढीच जाऊ द्यावी.

दोनदा बसलेला घाव आणि एका नाण्यावर दुसऱ्या नाण्याचा ठसा या गोष्टी मात्र भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात दिसणारी दोन्ही चित्रे एकच असतात, फक्त सरकलेली. दुसऱ्या प्रकारात खालचे चित्र एका राजाचे आणि वरचे दुसऱ्याचे, अशी परक्यांची गाठ पडलेली असते. जुने, चलनात असलेले नाणेच चकती म्हणून घ्यावयाचे व त्यावर नवा ठसा मारावयाचा, अशा नाण्यास पुनर्मुद्रांकित नाणे म्हणतात. ते चुकून घडत नाही, कोणाच्या तरी आज्ञेने घडते.

जगात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इ. स. १३२ ते १३५ मध्ये यहुदी लोकांनी रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा रोमन सम्राटांच्या मुखवट्यांवर त्यांनी आपली चिन्हे ठोकली. बँक ऑफ इंग्लंडने १८०४ सालचे आपले चांदीचे डॉलर स्पेनच्या नाण्यांवर छापून काढले. भिंगातून पाहिले तर त्यांपैकी पुष्कळांवर स्पॅनिश अक्षरांचे अवशेष आढळतात. चीनची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील मध्ये चौकोनी भोक असलेली गोल नाणी दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठशाने मारली गेलीच नाहीत; ती साच्यात ओतली जात. ओतलेल्या नाण्यांचा गुच्छ झाडाच्या फांदीस लागलेल्या फळांसारखा निघे, मग एकेक नाणे तोडून त्याची कड कानशीने घासत. तेव्हा अशा चिनी नाण्यावर एखादे अक्षर दुहेरी दिसले, तर घाव दोनदा बसला असे म्हणता यावयाचे नाही, कारण तेथे घावच नाही. वाळूच्या साच्यात नमुना दोनदा दाबला गेला असावा. एका अंगाची कड जाड आणि दुसऱ्या अंगाची पातळ असेल, तर साच्याची दोन शकले एकमेकांवरून सरकली होती. दिसणारे लक्षण एक आणि कारणे दोन, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये यंत्रावर तांब्याची नाणी पडू लागली, तेव्हा तेथेही खरे पुनर्मुद्रांकन दिसू लागले. कोरियाच्या तांब्याच्या नाण्यांवर चिनी ठसा मारलेली नाणी संग्राहकांस चांगली परिचित आहेत.

परंतु या विषयातील सर्वांत मोठे उदाहरण पाहावयास महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही.

नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. एकेक नाणे सुमारे दोन ग्रॅम वजनाचे, म्हणजे सारा साठा पंचवीस किलोच्या वर गेला. एवढी चांदी पाहून कोणाचीही बुद्धी प्रथम सोनाराच्या मुशीकडे धावावी. गुप्तधन सापडल्यास सरकारास कळविण्याचा कायदा १८७८ सालीच झाला होता व तो आजही आहे. तरीही सापडलेली नाणी वितळवून टाकल्याच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. जोगलटेंभीचा साठा बव्हंशी वाचला आणि रेव्हरंड एच. आर. स्कॉट या अभ्यासकाने त्यातील नाणी तपासून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

ही नाणी क्षहरात कुळातील नहपान या क्षत्रप राजाची होती. एका अंगास उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या अंगास बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. एका लहानशा नाण्यावर तीन लिप्या! भरुच बंदरातून समुद्रापलीकडे व्यापार करणाऱ्या राज्याला ते शोभण्यासारखेच होते. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भरुचकडे येणाऱ्या मालाची हकीकत आहे. तीत पैठणबरोबर तगर या नगराचे नाव येते आणि तगराहून पुष्कळ कापड जात असे, असे म्हटले आहे. हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. सोलापूरच्या मुलखातून परदेशी कापड जाण्याची परंपरा गिरण्यांच्या भोंग्याहून बरीच जुनी आहे.

स्कॉट यांना दिसलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की या तेरा हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा होता. राजाच्या गालावर, कपाळावर, नाकावर, कोठे जागा सापडेल तेथे, तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ. दुसऱ्या अंगास बाण-वज्रावर चार वर्तुळांना जोडणारी फुली, जिला अभ्यासक उज्जयिनी-चिन्ह म्हणतात. डोंगराभोवती ब्राह्मी अक्षरांत गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव होते.

येथे एक प्रश्न तुम्ही मला विचारला पाहिजे. नहपानाचा ठसा खाली आणि गौतमीपुत्राचा वर, हे कशावरून? गौतमीपुत्राच्या नाण्यावर नहपानाने आपला मुखवटा मारला नसेल कशावरून? दोन्ही चित्रे एकाच पृष्ठभागावर आहेत, आणि कालक्रम तर पूर्णपणे या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे.

त्याची परीक्षा अशी. नाणे तिरप्या प्रकाशात धरून हळूहळू फिरवावे. दोन चित्रांच्या रेघा जेथे एकमेकींस छेदतात, तेथे नजर स्थिर करावी. वरची रेघ त्या ठिकाणी अखंड जाते. खालची रेघ तेथे तुटते, चेपते, आणि पलीकडे पुन्हा डोके वर काढते. शिवाय नवा ठसा बसताना धातू दाबला जातो, म्हणून जुन्या चित्राचे उंच भाग, जसे नाक, गाल, केसांचा उठाव, सपाट होतात. नव्या ठशाचा खोल भाग जेथे आला असेल तेथे, किंवा जेथे तो पोहोचलाच नाही अशा कडेला, जुने चित्र तग धरून राहते. जोगलटेंभीच्या नाण्यांवर डोंगराच्या कमानी अखंड आहेत आणि राजाचा चेहरा त्यांच्याखाली चेपलेला आहे. कडेची ग्रीक अक्षरे मात्र शाबूत आहेत. मुखवटा आधीचा, डोंगर नंतरचा. हे एका नाण्यावर दिसले असते तर शंकेस जागा राहिली असती. येथे तोच क्रम हजारो नाण्यांवर दिसतो.

त्यावरून गौतमीपुत्र नहपानाच्या आधीचा नव्हे, हे ठरले. परंतु किती नंतरचा? केवळ ठशावरून हे सांगता येत नाही. शंभर वर्षे चलनात असलेल्या जुन्या नाण्यांवरही कोणी ठसा मारू शकतो. याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांनी दिले. तेथे गौतमीपुत्राचा त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षीचा एक लेख आहे. त्यात भिक्षूंना दोनशे निवर्तने शेतजमीन दिल्याचे सांगितले आहे, आणि ती जमीन तोपर्यंत उषवदाताकडे होती, असाही उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. जावयाची जमीन आणि सासऱ्याची नाणी, दोन्ही एकाच विजेत्याच्या हाती आली. तेव्हा दोघांमध्ये फार काळ गेलेला नव्हता. गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेखही तेथेच आहे, आणि त्यात आपल्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूळ केला असे तिने अभिमानाने नोंदविले आहे. माता पुत्राची स्तुती थोडी वाढवूनच करते, असे कोणी म्हणेल. ठशांनी भरलेला तो साठा सापडला आणि या एका गोष्टीत तरी बलश्रीने अतिशयोक्ती केली नव्हती हे दिसून आले.

मग ही चांदी वितळवून नवी नाणीच का पाडली नाहीत? वितळविण्यास कोळसा लागतो, वेळ लागतो, धातूची थोडी घट येते, पुन्हा प्रत्येक चकती तोलावी लागते. येथे तर वजन करून ठेवलेल्या, लोकांच्या ओळखीच्या, चोख चांदीच्या हजारो चकत्या तयारच होत्या. एकेक घाव पुरेसा होता. आणि दुसरीही एक बाजू आहे. उषवदाताच्या एका लेखात त्याने तीन हजार कार्षापण नाणी नाशिकजवळील गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. दोन हजार नाणी दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा नाणी द्यावयाची होती. वहीत हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस गुणिले बारा तितकेच होतात. ही नोंद करणाऱ्याचा हिशेब चोख होता.

हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्या विणकरांची अवस्था डोळ्यांपुढे आणा. हाती ठेव होती ती नहपानाच्या मुखवट्याची, आणि राजा आता दुसराच. पेटीतले नाणे उद्या बाजारात चालेल काय, सुताच्या व्यापाऱ्याने ते नाकारले तर माग कसे चालावयाचे, ही चिंता राजांच्या लढाईपेक्षा त्यांना अधिक जवळची असणार. नव्या राजाने जुन्या नाण्यावर आपला ठसा मारून दिला, की ते नाणे त्याच वजनाने पुन्हा चालू झाले. साठ्यात सुमारे चार हजार नाणी विनाठशाचीही होती. म्हणजे दोन्ही प्रकारची नाणी एकाच धन्याच्या हाती, एकाच पुरचुंडीत होती.

एक गोष्ट मात्र आज वेगळी मानली जाते, तीही सांगितली पाहिजे. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. पूर्वी पुष्कळ अभ्यासक ती शक संवताची समजत आणि त्यामुळे नहपानाचा काळ इ. स. १२४ पर्यंत ओढीत. आता अनेकांचे मत तो त्याहून बराच आधीचा, पहिल्या शतकातील होता असे आहे. त्या ग्रीक प्रवासवर्णनातील राजाचे नाव नहपानाच्या नावाशी जुळते आणि ते पुस्तक पहिल्या शतकातील आहे, हे त्याचे एक कारण. साल पुढेमागे झाले तरी ठशांचा क्रम बदलत नाही. कोणता ठसा वर आहे हे धातूवरच उमटलेले आहे.

सातवाहनांची पूर्वीची नाणी बव्हंशी शिसे, तांबे अशा धातूंची असत आणि त्यांवर हत्ती, डोंगर, झाड, उज्जयिनी-चिन्ह अशी चित्रे असत. राजाचा चेहरा नसे. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईजवळील सोपारा येथील स्तूप उकरला, तेव्हा तेथे एक लहान चांदीचे नाणे मिळाले. ते गौतमीपुत्रानंतर काही पिढ्यांनी झालेल्या यज्ञश्री सातकर्णी या राजाचे होते. त्याच्या एका अंगास डोंगर व उज्जयिनी-चिन्ह आहे. आणि दुसऱ्या अंगास, ज्या पद्धतीचा मुखवटा गौतमीपुत्राच्या कारागिरांनी हजारो घाव घालून चेपला होता, अगदी त्याच पद्धतीने उजवीकडे पाहणारा सातवाहन राजाचा स्वतःचा मुखवटा आहे.